परसातली कोंबडी अचानक मेली तर काय करायचे

कोंबडी आजार लपवते. कळपात जी दुबळी दिसते तिला बाकीच्या टोचून काढतात, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ती इतरांबरोबर चरत राहते. ‘काल तर चांगली होती’ असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती काल चांगली नसते, आपल्या लक्षात आलेले नसते. त्यामुळे एक कोंबडी मेली की दुसरी आजारी कोण, हे त्याच दिवशी शोधावे लागते. मेडिकलमधून आणलेली कुठली तरी गोळी पाण्यात कालवण्यात बहुतेकांचा तो दिवस जातो. कळप वाचवायची खरी संधी मात्र त्याच दिवशी असते.

पुढचे सगळे पाच ते पन्नास पक्षी परसात, गोठ्याशेजारी किंवा गच्चीवर पाळणाऱ्यांसाठी आहे. पक्षी गावठी असोत, गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी की कडकनाथ, क्रम तोच राहतो.

१. उचलण्याआधी बघा

मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने हात लावू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी चढवा आणि नाकातोंडाला फडके बांधा. लहान मुले आणि गरोदर बाई यांना लांब ठेवा. ती कुठे आणि कशी पडली आहे, आजूबाजूला पिसे, रक्त किंवा पातळ शिट आहे का, याचा मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांना तो लागतो.

मग पिसे बाजूला सारून मान, पंखांखालचा भाग आणि गुदद्वार तपासा. दातांच्या खुणा, ओरबाडे किंवा फाटलेली कातडी दिसली तर हे काम मुंगूस, रानमांजर, कुत्रा किंवा घूस यांचे असते. मग औषधाचा विचार सोडा आणि खुराड्याची जाळी, तळ, दाराची फट बघा. मुंगूस अगदी लहान फटीतून आत येते. साध्या कोंबडजाळीच्या तारा कुत्रा दाताने ओढून तोडतो, म्हणून खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावतात आणि ती जमिनीत वीतभर पुरतात.

गळ्याखालची अन्नपिशवी दाबून पाहा. ती दगडासारखी टणक असेल तर गवताचा किंवा सुतळीचा गोळा अडकलेला असू शकतो. डॉक्टरांनी ती कापल्यावर गुलाबी, लाल किंवा निळ्या रंगाचे दाणे निघाले तर ते बीजप्रक्रिया केलेले बियाणे असते. पेरणीच्या दिवसांत हे नेहमीचे कारण आहे. उंदरासाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे गोळे आणि नुकतीच फवारणी झालेले कपाशीचे रान ही त्याच जातीची कारणे. विषबाधेत पक्षी एकाच दिवसात एकदम पडतात, शेजारच्या बंदिस्त कोंबड्यांना काही होत नाही, आणि बहुतेकदा तगडे पक्षी आधी मरतात, कारण दाण्यावर तेच पहिल्यांदा तुटून पडतात.

२. मोजा आणि वेगळ्या करा

एकूण किती, मेल्या किती, मलूल किती, हे कागदावर लिहा. त्याखाली आणखी पाच गोष्टी: पक्ष्यांचे वय, शेवटची लस कधी दिली, गेल्या महिन्यात नवा पक्षी आणला का, खाद्य बदलले का, आणि पाऊस, उकाडा किंवा थंडी यात काही एकदम बदल झाला का. डॉक्टर हेच विचारणार आहेत. आठवून सांगितलेली उत्तरे बहुधा चुकतात.

मलूल म्हणजे पंख पाडून, पिसे फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी असलेली. दाणे टाकल्यावर जी धावत येत नाही तीही मलूलच धरा. अशा सगळ्या वेगळ्या जागी, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, डालग्याखाली किंवा खोक्यात ठेवा. त्यांचे पाणी, भांडे आणि झाडू वेगळा. रोजचे काम आधी निरोगी पक्ष्यांचे आणि शेवटी आजाऱ्यांचे. उलट केले तर चपलेच्या तळाला लागून रोग तुम्हीच निरोगी कळपात नेता.

बाकीच्या कोंबड्या त्या दिवसापासून बंद. मोकळ्या सोडल्या तर शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना रोग जातो आणि गावातले नाते बिघडते ते वेगळेच.

३. शिट, तुरा आणि रात्रीचा आवाज

निरोगी शिट तपकिरी-राखाडी असते आणि टोकाला पांढरी टोपी असते. दिवसातून एक-दोनदा चॉकलेटी, चिकट आणि घाण वासाची शिट पडते. ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतून येते आणि अगदी साधी असते. नवखी माणसे तिलाच हगवण समजून औषधे सुरू करतात. घाबरायचे ते रक्त, हिरवे पाणी किंवा गुदद्वाराला चिकटलेली चुन्यासारखी पांढरी शिट दिसल्यावर.

फिका तुरा म्हणजे रक्त कमी: जंत, गोचीड किंवा रक्ती हगवण. जांभळा-निळा तुरा म्हणजे श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडले आहे. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळ्या खपल्या म्हणजे देवी.

एक तपासणी रात्रीची आहे आणि ती बहुतेक जण करत नाहीत. कोंबड्या झोपल्यावर दिवा न लावता खुराड्याजवळ पाच मिनिटे गप्प उभे राहा. घुरघुर, शिंक किंवा चोच उघडून श्वास घेतल्याचा आवाज दिवसाच्या गडबडीत कळत नाही, तो इथे स्पष्ट ऐकू येतो. मग बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी आणि बसायच्या दांड्याची खालची बाजू पाहा. कोंबडीची गोचीड दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते, म्हणून दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी सापडत नाही.

४. आकडा काय सांगतो

मोठ्या वयाची एकच कोंबडी मेली, बाकीच्या खाऊन-पिऊन तरतरीत आहेत, तर तो एकटीचा बिघाड असू शकतो: अडकलेले अंडे, पोटातली सूज, हृदय, साप. तिला पुरा आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ बाकीच्यांवर नजर ठेवा.

दोन-तीन दिवसांत दुसरी मेली, किंवा एक मेली आणि दोन मलूल आहेत, तर ती साथ धरा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.

एकाच दिवसात बरेच पक्षी पटापट मेले, डोके आणि डोळ्यांभोवती सूज आहे, तुरा आणि चोचीखालचे कल्ले निळे पडले आहेत, पायांच्या नळ्यांवर लाल-जांभळे डाग आहेत, किंवा आसपास कावळे मरून पडत आहेत, तर बर्ड फ्लूचा संशय घ्यायचा. तेव्हा मेलेला पक्षी पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका, फोन करून त्यांना बोलवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात निघाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात तो पुन्हा आला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासून खात्री होते, त्याआधी नुसते बघून कोणालाही ठाम सांगता येत नाही, कारण मानमोडीही (राणीखेत रोग) जवळपास अशीच दिसते. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगाचा संशय ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवणे मालकाचे कर्तव्य आहे. लपवून पैसाही वाचत नाही. नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, कळवण्याआधी आपोआप मेलेल्यांची नाही. पक्षी हाताळल्यावर दहा दिवसांत घरात कोणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांचे आधी सांगा.

आता सर्वात वाईट सवयीबद्दल. ‘मरायच्या आत कापून खाऊ’ आणि ‘मर लागली, लवकर बाजारात काढू’ या दोन विचारांनीच साथ गावोगाव पसरते. पूर्ण शिजलेल्या मटणातून विषाणू येत नाही हे खरे, पण धोका शिजवण्याच्या आधी, कापण्यात आणि साफ करण्यात आहे. आतडी उकिरड्यावर गेली की कावळा आणि कुत्रा ती चार घरांपर्यंत नेतात. मलूल पक्षी कापायचा नाही, विकायचा नाही, पाहुण्याला द्यायचा नाही.

५. वय आणि ऋतूवरून अंदाज

हा अंदाज डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडतो. रोगनिदान मात्र त्यांनीच करायचे.

पहिला आठवडा: पिल्ले गारठ्याने एकावर एक चढून गुदमरतात, किंवा बेंबी ओली राहून पिकते. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचे. दिव्याखाली गर्दी म्हणजे थंडी, भिंतीकडे पांगून चोची उघड्या म्हणजे उष्णता जास्त. थर्मामीटरपेक्षा पिल्लांची बसण्याची पद्धत जास्त खरे सांगते.

तीन ते आठ आठवडे: रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिऑसिस. पावसाळ्यात खुराड्यात अंथरलेली तुसाची गादी ओली झाली की हमखास. पिल्ले पिसे फुगवून कुडकुडल्यासारखी उभी राहतात, शिट रक्ताळते आणि दोन-तीन दिवसांत मर सुरू होते. अम्प्रोलियम २० टक्के पावडर लिटरमागे १.२ ग्रॅम, पाच ते सात दिवस, असे प्रमाण सहसा दिले जाते. पाकिटावरची टक्केवारी वाचा आणि डॉक्टरांना विचारूनच द्या. त्या दिवसांत दुसरे पाणी ठेवायचे नाही, नाहीतर औषध कोणी पीतच नाही. औषध अर्धेच काम करते. ओली गादी उचलून कोरडी टाकली नाही तर आठवड्यात तेच परत. याच वयात गंबोरोही येतो, एकदम पांढरी पातळ हगवण आणि तीन-चार दिवस मर.

तीन ते सहा महिने: एक पाय पुढे, एक मागे पसरून पडलेली तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) बहुधा मरेक्स या रोगाची असते. यावर उपचार नाही.

कुठल्याही वयात: मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवी पातळ शिट, चोच उघडून श्वास, आणि जगल्या-वाचल्या तर मान पिळवटणे, गोल गोल फिरणे, पाय लुळे पडणे. लस न दिलेला गावठी कळप यात आठवड्यात जवळजवळ संपतो. हा विषाणू आहे, अँटिबायोटिकने तो मरत नाही. हळद, लसूण, कांदा दिल्याने अपाय नाही, पण त्यात घालवलेले दोन दिवस परत येत नाहीत.

अंड्यावरची कोंबडी: पेंग्विनसारखी ताठ उभी राहून कुंथत असेल तर अंडे अडकले आहे. कोमट पाण्यात तिला पोटापर्यंत वीस-तीस मिनिटे बसवा, गुदद्वाराला खोबरेल तेल लावा आणि अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. दोन-तीन तासांत अंडे आले नाही तर दवाखाना. बोटाने ओढू नका. अंडे आत फुटले तर कवच जखम करते आणि कोंबडी हमखास जाते.

मे महिन्यातली भर दुपार, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात: पारा चाळिशीपार, पत्र्याचे छप्पर, चोच उघडी, पंख अंगापासून लांब, आणि सर्वात जाड कोंबडी आधी पडते. सावलीत नेऊन पाय आणि तुरा साध्या थंड पाण्याने भिजवा, बर्फाने नाही. माणसांचे ओआरएस लिटरभर पाण्यात घालून काही तास द्या. खाद्य पहाटे आणि दिवस मावळताना, दुपारी भांडे उचलून ठेवा. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा ओले पोते टाकले तरी बराच फरक पडतो.

मान लुळी पडून जमिनीला टेकलेली, पिसे सहज उपटून येतात: हे झुडपात कुजलेल्या मेलेल्या जनावरातले किडे खाल्ल्याने होते. मेलेला पक्षी तासाभरात हलवायचा तो यासाठीही. लग्नातले खारट उरलेले अन्न आणि बुरशी लागलेला मका यांनीही पक्षी मरतात, पिल्ले आधी.

६. आजारी कोंबडीची शुश्रूषा

तळाला कोरडे पोते किंवा तूस घातलेले खोके, वारा खेळता पण झोत नाही. थंडीत किंवा पावसात खोक्याच्या एकाच बाजूला ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा, म्हणजे तिला नको असेल तेव्हा बाजूला सरकता येईल. पाणी समोर ठेवा. पीत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा, ती स्वतः गिळेल. चोच उघडून घशात पाणी ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते आणि पाणी सरळ तिथे जाते. आजाराने न मेलेल्या कितीतरी कोंबड्या पाणी पाजताना मरतात.

दाणे जबरदस्तीने भरवू नका. भिजवलेले खाद्य किंवा ताकात कालवलेला भात समोर ठेवा, बस.

अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितले तरच, सांगितलेले सगळे दिवस. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची-विकायची नाहीत. कॉलिस्टिन हे अँटिबायोटिक खाण्याच्या जनावरांना देण्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे. ओळखीचा दुकानदार जुना साठा पुढे करत असेल तर घेऊ नका.

तीन दिवस न खाणारी, श्वासासाठी झगडणारी कोंबडी बहुधा वाचत नाही. तिला शांतपणे संपवणे ही कधी कधी दयाच असते, पण नवख्याने हे युट्यूब बघून करू नये, डॉक्टरांकडून करून घ्यावे. घरातल्या मुलांनी तिला नाव ठेवलेले असेल तर ‘पळून गेली’ असे सांगू नका. मुले तिला शोधत बसतात आणि मग उरलेल्यांचेही दार उघडतात.

७. शवविच्छेदन

बर्ड फ्लूचा संशय नसेल तर मेलेली कोंबडी दवाखान्यात नेणे हा सर्वात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. एकीचे पोट उघडले की बाकीच्या सगळ्यांचे औषध ठरते. पिसांमुळे अंगातली ऊब लवकर जात नाही आणि उन्हाळ्यात आतडी काही तासांत कुजतात. म्हणून मेल्याबरोबर पक्षी साबणाच्या गार पाण्यात बुडवून पिसे भिजवा, दोन पिशव्यांत बांधा आणि बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा. त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत पोहोचवा. डीप फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठल्याने पेशी फाटतात आणि तपासायला काही उरत नाही. घरच्या खाण्याच्या फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. सोबत तो लिहिलेला कागद आणि फोटो न्या. जास्त तपासणी लागली तर नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात.

८. विल्हेवाट

विहीर, बोअर आणि ओढ्यापासून निदान शंभर फूट लांब, पक्ष्यावर तीन फूट माती येईल इतका खोल खड्डा. खाली चुना, मग पक्षी, परत चुना, माती, आणि वर दगड किंवा बाभळीचे काटे, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. पिसे, उरलेले खाद्य आणि त्या कोपऱ्यातली गादीही त्याच खड्ड्यात. कोकणात जांभ्याच्या कातळावर खणणे शक्य नसेल किंवा पावसाळ्यात दोन फुटांवर पाणी लागत असेल तर कोरड्या लाकडावर पूर्ण जाळा. अर्धवट जळलेला पक्षी न जाळल्यासारखाच. नदी, नाला, उकिरडा आणि घंटागाडी, चारही वर्ज्य.

९. खुराड्याची सफाई

क्रम चुकला की मेहनत फुकट जाते. आधी गादी आणि शिट कोरडीच खरवडून काढा. मग धुण्याच्या सोड्याने किंवा साबणाच्या पाण्याने घासा. वाळल्यावर ब्लीचिंग पावडर लिटरमागे ३० ग्रॅम या प्रमाणात शिंपडा. शिटेवरच ब्लीचिंग टाकले तर ते शिटेतच खर्ची पडते आणि जंतू तसेच राहतात. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलेही ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. शेवटी भिंती आणि फटींना चुना मारा. रक्ती हगवण करणाऱ्या परजीवींची सूक्ष्म अंडी मात्र ब्लीचिंगला दाद देत नाहीत, त्यांना कडक ऊन आणि कोरडेपणा लागतो. लोखंडी जाळी आणि विटांवर ज्योत फिरवता आली तर उत्तम. भांडी दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. खुराडे निदान तीन आठवडे, मानमोडीनंतर महिनाभर रिकामे राहू द्या.

१०. लस, आणि पुन्हा सुरुवात

साधारण वेळापत्रक असे: मरेक्स पहिल्या दिवशी हॅचरीत (पिल्ले घेताना विचारा), पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (राणीखेतची सौम्य लस) डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवी, आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी, अर्धा मिलि पंखाच्या आतल्या बाजूला कातडीखाली. आर-टू-बी कडक लस आहे, सहा आठवड्यांच्या आत देऊ नका. ती द्यायच्या आठवडाभर आधी जंताचे औषध द्या. मलूल पक्ष्याला कुठलीच लस नाही, आणि साथ लागलेल्या कळपाला लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि तुमच्याकडे बारा पक्षी. आळीतल्या चार-पाच घरांनी एकाच सकाळी लसीकरण ठरवा, उरलेली लस ठेवता येत नाही. दुकानातून ती बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. कालवल्यावर दोन तासांत संपवा, सावलीत बसून. लस वाया गेल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ खिशातून आणलेली कुपी असते.

नवे पक्षी आठवडी बाजारातून घेतले तर रोगही सोबत येण्याची शक्यता सर्वात जास्त. ओळखीच्या हॅचरीतून किंवा लसीची नोंद असलेल्या घरून घ्या, आणि जुन्या कळपापासून तीन-चार आठवडे वेगळे ठेवा. रिकाम्या झालेल्या खुराड्यात सगळे एकदम भरू नका. लस झालेले दोन तरणे पक्षी आधी सोडा आणि तीन आठवडे त्यांची शिट, खाणे, रात्रीचा श्वास बघा. ते ठीक राहिले तर बाकीचे आणा.